सड्यावर, गायरानात, पाणवठ्याकाठी मुक्काम करताना : वाचकांचे प्रश्न

पावसाचा जोर ओसरू लागला की कोल्हापुरातून पन्हाळा, आंबा, राधानगरी आणि गगनबावड्याच्या दिशेने तंबू घेऊन निघणाऱ्यांची संख्या वाढते. उघड्या रानात मुक्काम करताना तेथील निसर्गाला कमीत कमी इजा कशी होईल, याविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयातील आठ-दहा मित्रमैत्रिणी सप्टेंबरमध्ये मसाई पठारावर फुले पाहायला जाणार आहोत. रात्री पठारावरच तंबू ठोकण्याचा विचार आहे. जागा कशी निवडावी? (शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : आपण सर्वांत आधी जागेविषयी विचारलेत हे फार चांगले केलेत, कारण मुक्कामाने होणारे बरेचसे नुकसान जागा ठरते त्याच वेळी ठरून जाते. माझे मत स्पष्टपणे सांगतो. पावसाळ्यात आणि फुलांच्या दिवसांत सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळी पठारावर, तंबू ठोकूच नये. दिवसा वर जावे, मनसोक्त फिरावे आणि रात्री पायथ्याच्या एखाद्या गावात, कोणाच्या पडवीत किंवा देवळाच्या ओवरीत, गावकऱ्यांना विचारून मुक्काम करावा.

असे म्हणण्याचे कारण सड्याच्या घडणीत आहे. मसाईचे पठार म्हणजे जांभ्या दगडाचा विस्तीर्ण माथा. त्यावर माती असते ती बोट-दोन बोटे जाडीची, तीही खळग्यांत आणि भेगांत साठलेली. एवढ्याशा मातीत पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या इवल्याशा वनस्पती उगवतात, फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. त्यांतल्या अनेक वर्षायू आहेत, म्हणजे या वर्षी बी पडले नाही तर पुढच्या वर्षी त्या जागी रोप नाही. गुडघे टेकून दवबिंदू पाहिलेत तर त्याच्या लालसर पानांवरच्या चिकट थेंबांत अडकलेले चिलट दिसेल. ही वनस्पती कीटक खाते, कारण सड्याच्या मातीत नत्र अगदी कमी असते आणि तिची सारी घडण त्या कमतरतेला जुळवून झालेली आहे. शेतात खत टाकले की पीक जोमाने येते, पण येथे सांडलेले अन्न, मूत्र आणि साबणाचे पाणी यांनी माती सकस झाली तर राकट गवत माजते आणि ही नाजूक झाडे मागे पडतात.

तंबूच्या तळाखाली जेवढे दबते त्याहून अधिक तंबूभोवतीच्या ये-जा करण्याने तुडवले जाते. दहा माणसे संध्याकाळपासून सकाळपर्यंत एकाच जागी वावरली, तर ओल्या मातीचा चिखल होतो आणि पुढच्या सरीबरोबर तो वाहून जातो. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर पर्यटकांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली, ती अशाच तुडवण्यामुळे. आपल्याकडे ती वेळ येण्याची वाट का पाहावी?

दिवसा फिरतानाही उघड्या कातळावरून किंवा मळलेल्या पायवाटेवरूनच चालावे. पायवाटेवर चिखल असेल तर तो चुकवण्यासाठी कडेने जाऊ नये, सरळ चिखलातून जावे. प्रत्येकजण कडेने गेला की वाट दर पावसाळ्यात रुंद होत जाते. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर, जी मसाई पठारावरूनच जाते, आषाढातील मोहिमांनंतर हे कोणालाही पाहता येते. निघण्यापूर्वी बुटांचे तळ आणि तंबूचा तळ घासून धुवावा, कारण त्या चिखलातून गाजरगवताचे किंवा रानमोडीचे बी वर पोहोचते, आणि एकदा रुजलेली रानमोडी उपटून संपत नाही.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. सड्यावरचे सुटे दगड हलवू नयेत. तंबूच्या दोऱ्यांना वजन म्हणून, चुलीसाठी, बसायला म्हणून आपण सहज दगड उचलतो. त्या दगडाखालच्या ओलाव्यात विंचू, पाली, बेडकांची पिल्ले आणि नशीब असेल तर देवगांडूळ असते. देवगांडूळ दिसायला गांडुळासारखे असले, तरी ते बेडकाच्या नात्यातले, पाठीला कणा असलेले उभयचर आहे. दगड उलटा झाला की त्याच्या डोक्यावरचे छप्पर जाते. पाहण्यासाठी उचललाच, तर तो होता तसाच, त्याच खाचेत, हळू परत ठेवावा.

परवानगीचे विसरू नये. मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. कचरा टाकणे आणि धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे यांना अभयारण्यात असलेली बंदी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अशा क्षेत्रालाही लागू होते. राधानगरी अभयारण्यात तर वनविभागाच्या परवानगीशिवाय प्रवेशच नाही, मग मुक्कामाची गोष्ट दूरच. जागा कोणाच्या अखत्यारीत येते हे वनरक्षकाला किंवा गावच्या सरपंचांना विचारून मगच बेत ठरवावा.

प्रश्न : मी शिक्षक आहे. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत मुलांना घेऊन गडावर किंवा रानात एक रात्र राहतो. शेकोटीशिवाय मुलांना सहलीचा आनंद मिळत नाही. शेकोटी सुरक्षितपणे कशी करावी? (कागल)

उत्तर : गुरुजी, त्या महिन्यांत शेकोटी करूच नये, असेच आपल्याला सांगावे लागेल. आपल्या जिल्ह्यातील डोंगरउतारांवर आणि पठारांवर पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले गवत डिसेंबरनंतर पूर्ण वाळते. फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत एक ठिणगी उडाली आणि वारा असला, तर वणवा डोंगराच्या एका कुशीतून दुसऱ्या कुशीत जायला फार वेळ लागत नाही. गवत जाळले की पुढच्या वर्षी ते चांगले येते, असा एक समज गावोगावी आहे. पण त्या आगीत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरडे, कासवे, झाडांची रोपटी आणि पालापाचोळ्याचा थर हे सगळे जाते, आणि उघडी पडलेली माती पहिल्या वळवाच्या पावसात ओढ्याला मिळते. राखीव वनात मनाई असताना विस्तव पेटवणे किंवा नेणेही भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

लाकडांचाही विचार व्हावा. रानात पडलेले वाळके लाकूड आपल्याला फुकटचे वाटते. त्या ओंडक्यात वाळवी, भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि बुरशी असतात, त्यांच्यावर सुतार पक्षी आणि इतर अनेक जीव जगतात, आणि कुजलेल्या लाकडाचीच पुढे माती होते. शिवाय जवळच्या धनगरवाड्यावरच्या बायकांना चुलीसाठी मोळी त्याच रानातून आणावी लागते. सहलीचा एक गट एका रात्रीत जेवढे जाळतो तेवढ्यात एका घराचा कितीतरी दिवसांचा स्वयंपाक होतो.

स्वयंपाकासाठी गॅसची लहान शेगडी न्यावी. ती सपाट उघड्या कातळावर, गवतापासून दूर, वाऱ्याला आडोसा करून ठेवावी आणि रिकामे डबे मोजून परत आणावेत. आनंदाचे म्हणाल, तर मुलांना अंधाराची सवय होऊ द्यावी. शेकोटीच्या उजेडात बसलेल्या मुलाला आकाश दिसत नाही. उजेड नसला की पंधरा-वीस मिनिटांत डोळे सरावतात आणि मृग नक्षत्र, कृत्तिका, रोहिणी ही फेब्रुवारीच्या रात्री डोक्यावर असणारी नक्षत्रे आपल्याला बोट दाखवून शिकवता येतात. थंडीसाठी कानटोपी, घोंगडे आणि गरम पिठले-भाकरी पुरेशी होते.

गावकऱ्यांच्या खळ्यात किंवा शेतात, त्यांच्या संमतीने, आधीपासून असलेल्या चुलीवर आग केलीत तर हरकत नाही. मात्र ती विझवताना वरून माती लोटून निघू नये, कारण मातीखाली निखारे रात्रभर धुमसत राहतात आणि पहाटेच्या वाऱ्याला पुन्हा फुलतात. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि राखेला हात लावता आला तरच तेथून उठावे. वेष्टने आगीत टाकण्याची सवय मुलांना लागू देऊ नये. जुन्या शेकोटीच्या जागी राख उकरून पाहिली की वेफर्सच्या पिशव्यांचे चंदेरी कपटे, वितळून दगडाला चिकटलेले प्लॅस्टिक आणि बाटल्यांची झाकणे सापडतात. त्यातले काहीच जळून गेलेले नसते.

प्रश्न : आम्ही मैत्रिणी नियमित ट्रेकला जातो. रानात शौचाची सोय नसते आणि पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडचे काय करावे हा प्रश्न असतो. याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. (इचलकरंजी)

उत्तर : ताई, हा प्रश्न आपण विचारलात याबद्दल आभार. गडांच्या वाटांवर सर्वांत वाईट घाण याच कारणाने होते आणि संकोचामुळे तिच्याविषयी बोलले जात नाही.

जेथे खोल माती आहे, म्हणजे झाडीत किंवा उतारावर, तेथे खुरप्याने वीतभर खोल खड्डा करावा. त्याहून खोल नको, कारण मैला कुजवणारे जिवाणू मातीच्या वरच्या थरातच भरपूर असतात. ओढा, विहीर, टाके आणि पायवाट यांच्यापासून किमान दोनशे फूट, म्हणजे सत्तर-ऐंशी पावले दूर जावे. नंतर खड्डा त्याच मातीने बुजवून वर पाचोळा पसरावा. पाण्याने स्वच्छता करण्याची आपली रीत येथे फार उपयोगाची आहे, कारण त्यात कागद उरत नाही. ओले पुसणे, ज्याला वाइप्स म्हणतात, त्यांत बहुधा प्लॅस्टिकचे तंतू असतात. ते कधीही पुरू नयेत.

सड्यावर मात्र हे चालत नाही. तेथे खड्डा करण्याइतकी मातीच नसते. त्याशिवाय जांभा सच्छिद्र असतो. पठारावर पडलेले पाणी त्यातून झिरपत कडेला येते आणि पायथ्याच्या वाड्या-वस्त्यांचे पिण्याचे झरे त्यातूनच वाहतात. वर केलेली घाण खाली कोणाच्या तरी कळशीत जाते. म्हणून एकतर माती असलेल्या उतारापर्यंत खाली यावे, नाहीतर ती सोबत परत न्यावी. जुन्या वर्तमानपत्रावर कोरडी माती किंवा राख पसरावी, त्यावर शौच करावे, वरून पुन्हा राख टाकावी, पुडी जाड पिशवीत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि घरी आल्यावर मैला शौचालयात टाकून पिशवी वेगळी करावी. ऐकताना किळस वाटेल, पण राखेमुळे वास येत नाही आणि एकदा केले की संकोच जातो.

पॅड पुरूही नये आणि जाळूही नये. त्यात प्लॅस्टिकचा थर आणि ओलावा धरून ठेवणारा रासायनिक पदार्थ असतो. ते मातीत कुजत नाही, उघड्या आगीत नीट जळत नाही, आणि पुरलेले पॅड कुत्री किंवा कोल्हे वासावर उकरून काढतात. कागदात गुंडाळून अपारदर्शक डब्यात थोडी राख किंवा खाण्याचा सोडा घालून ठेवावे आणि घरी आणावे. मासिक पाळीचा कप वापरण्याची सवय असेल तर सर्वांत उत्तम. तो वर सांगितलेल्या खड्ड्यात रिकामा करता येतो. असा डबा प्रत्येक गटाच्या सामानात असावा आणि तो कोणालाही न विचारता वापरता यावा, एवढी व्यवस्था गट नेणाऱ्यांनी, ते पुरुष असले तरी, करायलाच हवी.

प्रश्न : केळीच्या, संत्र्याच्या साली, उरलेली भाकरी हे तर कुजणारे आहे. ते रानात टाकले तर काय बिघडते? (जयसिंगपूर)

उत्तर : घरच्या परसात ते लवकर कुजते, कारण तेथे ओलावा, जिवाणू आणि गांडुळे भरपूर असतात. कोरड्या कातळावर पडलेली संत्र्याची साल महिनोन् महिने तशीच राहते. ती कुजण्याआधी माकडांना आणि रानडुकरांना सापडते, माणूस आला की खाणे येते हे त्यांना कळते, आणि मग ती पिशव्या ओढतात, तंबू फाडतात आणि जवळच्या शेतात उतरतात. त्याचा त्रास आपल्याला एक दिवस आणि शेतकऱ्याला वर्षभर होतो. साली परत आणाव्यात. मोजके शिजवावे. कागदी पत्रावळी आणि कागदी पेले यांना आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून त्यांना कुजणारे समजू नये. घरून स्टीलची ताटली आणि पेला न्यावा, भाकरी फडक्यात बांधावी.

प्रश्न : आमच्या गावच्या गायरानात, धरणाच्या पाण्याजवळ, शनिवार-रविवारी शहरातून लोक तंबू घेऊन येतात. सोमवारी बाटल्या, काचा आणि प्लॅस्टिक आम्हाला गोळा करावे लागते. एका जनावराच्या पोटातून प्लॅस्टिक निघाले. गावाने काय करावे? (राधानगरी तालुका)

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, आणि शहरातल्या वाचकांनी ते नीट वाचावे म्हणून ते येथे घेतले आहे. गायरान ही रिकामी जमीन नव्हे. ते गावच्या गुरांचे चराऊ रान आहे. खारट खाण्याच्या वासाने गाई-म्हशी पिशव्या खातात. जनावर जिभेने ओढून न चावता गिळते, ते प्लॅस्टिक पोटाच्या पहिल्या कप्प्यात साचत जाते, त्याचा गोळा होतो आणि रवंथ मंदावते. फुटलेल्या बाटलीने खूर चिरला तर जखम चिघळते. ज्याच्या घरी दूध हेच रोजचे उत्पन्न आहे, त्याचे यात किती नुकसान होते हे सांगायला नको.

ग्रामसभेत ठराव करून गावाला बरेच काही करता येईल. मुक्कामाची एकच जागा ठरवावी, पाण्यापासून दूर, कठीण मुरमाची. बाकीचे गायरान मुक्कामाला बंद ठेवावे. रोज नव्या जागा तुडवल्या जाण्यापेक्षा एकच जागा वापरात राहणे केव्हाही चांगले. येणाऱ्यांची नोंद ठेवावी, सोबतच्या बाटल्या आणि पाकिटे मोजून अनामत घ्यावी आणि तेवढा कचरा परत दाखवल्यावर ती परत करावी. काचेच्या बाटल्यांना पूर्ण मनाई करावी. काठाची जमीन जलसंपदा विभागाची किंवा वनविभागाची असू शकते, म्हणून सातबारा पाहून त्या कार्यालयालाही ठरावाची प्रत द्यावी. थर्माकोल आणि एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तिचा उल्लेख फलकावर करावा.

व्यावसायिक तंबू लावणाऱ्यांकडून आपण अधिक अपेक्षा ठेवाव्यात. पाहुण्यांकडून पैसे घेणाऱ्याने शौचालयाची सोय, कचरा परत नेण्याची गाडी आणि रात्री ध्वनिवर्धक बंद ठेवण्याची हमी लेखी द्यावी, त्याशिवाय गावाने जागा देऊ नये.

प्रश्न : धरणाच्या काठावर भांडी घासायला बायोडिग्रेडेबल साबण चालतो का? (रुईकर कॉलनी, कोल्हापूर)

उत्तर : नाही. असा साबणही मातीतील जिवाणूंमुळेच विघटित होतो. थेट पाण्यात मिसळला तर तो जलचरांना अपायच करतो. काळम्मावाडी धरणाचे पाणी नळाने कोल्हापूर शहरात येते आणि राधानगरीचे पाणी भोगावतीतून पंचगंगेत, हे लक्षात घेतले तर उत्तर आपोआप मिळते. भांड्यातले खरकटे आधी पुसून कचऱ्याच्या पिशवीत घ्यावे, मग बादलीत पाणी घेऊन काठापासून दोनशे फूट दूर, राखेने किंवा मातीने घासावे, आणि ते पाणी एका जागी न ओतता पसरून टाकावे. तेलकट रस्सा केला असेल तर पुसण्याला पर्याय नाही.

गडावरच्या टाक्यांत आणि सड्यावरच्या डबक्यांत तर हातपायही बुडवू नयेत. अंगाला लावलेले डास पळवणारे मलम आणि उन्हाचे क्रीम त्या साचलेल्या पाण्यात उतरते. पावसाच्या सुरुवातीला अशा वीतभर डबक्यांतच बेडकांची अंडी आणि शेपटीची पिल्ले असतात. आंबोलीचा भेक, जो जगात केवळ त्या टापूतील सड्यांवर आढळतो, तो अशाच उथळ पाण्यात वाढतो.

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला राधानगरीच्या बाजूला काजवे पाहायला रात्री राहणार आहोत. काही विशेष काळजी? (गडहिंग्लज)

उत्तर : उजेडाची काळजी घ्यावी. काजव्यांचे लुकलुकणे हे नर-मादीचे एकमेकांना दिलेले संकेत असतात, आणि हे सारे मोजक्या रात्रींतच उरकायचे असते. गाडीचा दिवा, मोबाइलचा फ्लॅश किंवा तंबूतला पांढरा कंदील यांच्या उजेडात ते संकेत हरवतात. गाडी लांब, रस्त्यावरच उभी करून दिवे बंद करावेत. विजेरीवर लाल कापडाचे किंवा जिलेटिनचे दोन-तीन पदर बांधावेत, ती जमिनीकडे धरावी आणि लागेल तेवढीच लावावी. झाडाखाली, गवतात शिरू नये, कारण अनेक जातींच्या माद्या खाली गवतावर आणि पाचोळ्यावर असतात. त्यांच्या अळ्याही त्याच पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात, म्हणून तंबूसाठी पाचोळा झाडून जागा साफ करू नये आणि कीटकनाशक फवारू नये. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तंबूभोवती चर खणण्याची अनेकांना सवय असते. तीही सोडावी, कारण त्या चरातून माती धुपते. थोडी उंचवट्याची जागा पाहिली की चर लागत नाही.

पाणवठ्याच्या अगदी काठावर राहू नये. रात्री गवे पाण्यावर येतात. कळपाच्या वाटेत तंबू असेल तर ते पाणी न पिताच फिरतात, आणि बिथरलेला गवा माणसालाही धोकादायक असतो. पाणी दिवसा भरून आणावे आणि अंधार पडायच्या आत काठ मोकळा करावा.

मुक्काम गावातल्या घरी होणार असेल तर घरमालकांना आधी कळवावे, म्हणजे अंगणातला दिवा त्या रात्री बंद ठेवता येतो.